मयताच्या नावची मजुरी

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पंचशीला गजभारे एका तालुक्याच्या कचेरीत कनिष्ठ कारकून होती. वय बावीस. तिचा बाप भीमा अर्धापूरच्या बागांतून केळीचे घड वाहायचा. लेकीला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा त्यानं सगळ्या वस्तीत साखर वाटली होती.

त्या साली पावसानं दगा दिला. रोजगार हमीच्या तळ्यावर तीनशे माणसं माती उपसत होती, अन् पाच आठवडे कुणाच्या हातावर दमडी पडली नव्हती. पैसा नव्हता असं नाही. काम मंजूर झालं तेव्हा गाव जुन्या जिल्ह्यात होतं; मजुरी निघायची वेळ आली तेव्हा नव्या. कोषागारातून बिल तिसऱ्यांदा परत आलं.

"मंजुरी तिकडच्या हिशेबात, खर्च इकडच्या. खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकू, बाई?" खिडकीतला कारकून म्हणाला.

"माणसं उपाशी हायत, साहेब."

"मला कळत न्हाई का? पण उद्या माझ्याच गळ्याशी येईल."

एकतीस मार्चला तो निधी बुडणार होता. पंचशीला एस.टी.नं जुन्या जिल्ह्याच्या गावी गेली, दोन दिवस साहेबाच्या दाराशी बसली आणि काम नव्या जिल्ह्याकडे वर्ग केल्याचं पत्र घेऊनच परतली. तीस तारखेला बिल पास झालं. तिला वाटलं, सुटले.

दोन एप्रिलला तळ्याच्या भरावावर वाटप सुरू झालं. अव्वल कारकून अर्जुनराव पेटी उघडून नोटा मोजत होते; पंचशीला हजेरीपटावरची नावं पुकारून अंगठे घेत होती.

"केवळाबाई दगडोबा."

कुणी आलं नाही. मग रांगेच्या मागून एक बाई पुढं आली. कडेवर पोर, ते तिच्याच दंडाचं कातडं चोखत होतं.

"मी धुरपता. तिची सून. सासू आठ रोज झाले गेली. हितंच टोपलं उतरवून सावलीला बसली, ती उठलीच न्हाई."

एकशे बावीस रुपये निघत होते. अर्जुनरावांनी मान न उचलता सांगितलं, "वारस दाखला आण. तलाठ्याचा पंचनामा लागेल, मग अर्ज कर. तोवर रक्कम सरकारात परत."

"किती दिस?"

"दीड-दोन महिने धर."

धुरपता रडली नाही, भांडलीही नाही. नुसती उभी राहिली. नियम पंचशीलाला पाठ होता. मेलेल्याच्या नावानं पैसे उचलता येऊ नयेत, एवढ्याचसाठी तो होता. तिनं धुरपताचा हात धरला, अंगठा शाईत बुडवला आणि केवळाबाईच्या नावापुढं दाबला. अर्जुनरावांनी एकदा वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि नोटा पुढं सरकवल्या.

दोन वर्षांनी लेखापरीक्षण आलं. सिद्धलिंग नावाचे थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ गावचं मृत्यू रजिस्टर मागवून हजेरीपटाशी ताडून पाहत होते.

"बाई, हा अंगठा कुणाचा?"

तिनं सगळं सांगितलं. अर्जुनराव म्हणाले, "मी नोटा मोजत होतो. मला काही ठाऊक नाही."

सिद्धलिंगांनी त्या अंगठ्याशेजारी बोट ठेवलं. "तुम्ही खरं बोलताय, हे मला पटतंय. पण मागच्या महिन्यात एका रस्त्यावर अकरा मेलेली माणसं खडी फोडताना सापडली मला. सगळ्यांचे अंगठे होते. मुकादम त्या पैशावर घर बांधून बसला. कागदावर त्याचा अंगठा अन् तुमचा अंगठा सारखाच दिसतो. फरक मी कुठं लिहू?"

एकशे बावीस रुपये पगारातून कापले गेले, दोन वेतनवाढी थांबल्या, सेवापुस्तकात शेरा बसला.

अर्धापूरला जाऊन तिनं हे सांगितलं तेव्हा बापानं विचारलं, "चोरी केली का?"

"न्हाई, बाबा."

"मग कापले कशाला?"

तिनं दोनदा समजावून पाहिलं. भीमानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. साखर खाल्लेल्या माणसांना आता काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

पुढच्या टंचाईत तिला दुसऱ्या तळ्यावर धाडलं. पहिल्याच दिवशी तिनं हजेरीपटावरच्या रिकाम्या रकान्यात प्रत्येक मजुराच्या वारसाचं नाव लिहायला घेतलं. तसं करा म्हणून कुठला नियम नव्हता, करू नका म्हणूनही नव्हता. पण नाव विचारलं की बाया मागं सरत.

"जित्या माणसाच्या मरणाचं लिवून ठिवायलीस व्हय गं?" मंजुळाबाई नावाची म्हातारी खवळली. "अवदसा कुठली!"

पंचशीला ऊन डोक्यावर येईपर्यंत समजावत बसली. दोनशे दहा माणसांपैकी त्या दिवशी चौघींनी नावं सांगितली.