राघूची कंठी

पिंपळनेरच्या स्टँडवर धुळ्याची एस.टी. लागली होती. माझी पत्र्याची पेटी टपावर चढली, बायको सुमन मांडीवर वळकटी घेऊन खिडकीशी बसली. आबा, माझे वडील, खिडकीखाली येऊन मला म्हणाले, "तुले भांडं वळखता येस. माणूस वळखता येत नही. फसशी."

याच कारणासाठी त्यांनी आमचं भांड्यांचं दुकान थोरल्या भावाच्या, दादाच्या हाती दिलं होतं. दादा गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, मी भांडायचो, एवढाच फरक. टिचकी मारून नुसता आवाज ऐकला की तांब्या कसा आहे हे मी डोळे मिटून सांगायचो. दादाला ते आजही येत नाही. गावात राहिलेल्यांना वाटतं, आम्ही पैशासाठी बाहेर पडलो. बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी रागाने पडलो.

धुळ्याहून पुढे जळगाव गाठलं, आधी दुसऱ्याच्या दुकानात राबलो. तिथली बोली निराळी. आमची अहिराणी ऐकून माणसं गालात हसत, म्हणून मी पुस्तकी मराठी धरली. सुमननेही धरली. स्वतःच्या दुकानावर पाटी लागली त्या वर्षी, सत्तर-एकाहत्तर साल असेल, मी पोपट घ्यायचं ठरवलं. शेजारच्या मारवाडी शेठजींच्या ओसरीवर पोपट होता आणि तो येणाऱ्याला "पधारो" म्हणायचा. माझी ओसरी मुकी होती.

बाजारात शिरपूरकडचा एक पाखरंवाला बसायचा. तो म्हणाला, "कंठी बघा शेठ. गुलाबी कंठी म्हणजे नर. नरच बोलतो. मादी नुसती खाते."

मी सगळ्यात ठसठशीत कंठीचा पक्षी निवडला. चोच पाहिली, नखं पाहिली, पंख ताणून पाहिले. बोलून दाखव म्हटलं, तर तो म्हणाला, "नव्या माणसासमोर लाजतो." तासभर घासाघीस करून मी भाव निम्म्यावर आणला. इतका सहज आला तेव्हाच समजायला हवं होतं. पण ज्याने टिचकी मारल्याशिवाय कधी वाटीसुद्धा घेतली नाही, त्या मी आवाज न ऐकता पोपट घेतला आणि त्याच दिवशी आबांना कार्ड टाकलं, "बोलणारा राघू घेतला आहे."

आठ दिवसांनी सुमनने उन्हाचं म्हणून त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि मला हाक मारली.

"अहो, याची कंठी ताटलीत उतरली."

ताटलीत गुलाबी पाणी होतं आणि पिंजऱ्यात साधी हिरवी मादी. नाव मात्र राघूच राहिलं. पुढचे चार बाजार मी त्या माणसाला शोधत फिरलो. तेवढ्यात आबांचं कार्ड आलं, "मी ऐकाले येस."

मग आमची पळापळ झाली. भिजवलेली डाळ, पेरू, हिरवी मिरची, जे मागेल ते. मागायचीही नाही ती, नुसती खायची. रोज सकाळी मी पिंजऱ्यापुढे "राम राम आबा" म्हणायचो. दीड महिन्यात तिने एक शब्द काढला नाही, माझं बोट मात्र दोनदा फोडलं.

आबा आले. पिंजऱ्याजवळ गेले, आधी तिची मान पाहिली, मग माझी.

"घसा बसलाय त्याचा," मी म्हणालो. वैशाख चालू होता.

आबा आठ दिवस राहिले. रोज चहा घेऊन पिंजऱ्यापुढे बसायचे, तिला मिरची द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "फसना रे भाऊ, फसना." फसना म्हणजे फसला; तिला म्हणत होते की मला, हे विचारायची सोय नव्हती. मी दात खाऊन दुकानात जायचो. निघताना स्टँडवर एवढंच म्हणाले, "पाखरू चांगलं शे. ठेव."

पंधरा दिवसांनी मी दारात कल्हईवाल्याशी हुज्जत घालत होतो. मागून थेट आबांचा आवाज आला, "फसना रे भाऊ, फसना."

मी घरात धावलो. "सुमन, ऐकलंस? बोलली. मी फसलो नव्हतो."

"ती काय बोलली ते ऐकलंत ना?" सुमन म्हणाली.

आबांना कार्ड टाकलं, राघू बोलतो. त्यांनी उलट विचारलं, काय बोलतो? मी लिहिलं, राम राम. आबा वारेपर्यंत मी हेच सांगत राहिलो. पुस्तकी मराठीच्या त्या घरात अहिराणी बोलणारी ती एकटीच होती.

आबांच्या वर्षश्राद्धानंतर दादा पहिल्यांदाच जळगावला आला. चहा पीत होता, तेवढ्यात राघू आबांच्या आवाजात बोलली. दादाची बशी हातातच राहिली. म्हणाला, "हाई पाखरू माले दे."

इतकी वर्षं जिभेवर असलेलं मी बोलून टाकलं. "दुकान दे, पाखरू ने."

मला वाटलं, चिडेल. तो चिडला नाही. बशी खाली ठेवून पिंजऱ्याकडे बघत खरोखरच विचार करू लागला. ज्या दुकानासाठी मी घर सोडलं, ते समोर येत होतं, आणि मी उठून पिंजऱ्याला पाठ लावून उभा राहिलो होतो.

"राहू दे दादा," मी घाईने म्हणालो. "तुले ऐकनं व्हई तर इठेच येत जा."

माझ्या तोंडून अहिराणी किती वर्षांनी निघाली होती. दादा हसला. दर दिवाळीला येत राहिला. जिथे आपल्याला आपल्या बोलीत कुणी फसना म्हणतं, तेच घर, असं मी आता धरून चालतो.

राघू मात्र त्या दिवशी माझ्या पाठीमागून पुन्हा बोललीच. कुणाला म्हणाली, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.