माझ्या परसातला कॉलिन

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला तर नाहीच. मध्ये काही महिने मी एका समुपदेशक बाईंकडे मन मोकळं करायला जात होते, त्यांनाही नाही. तिथे बसून मी आपली गुडघेदुखीवर बोलत राहायचे. मग तुम्हांला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि ओळखत असाल तर – असू दे. सुरुवात केलीच आहे आता.

ऑकलंडच्या पश्चिमेला, हेन्डरसनमध्ये माझं ऑफिस आहे. बेघर लोकांना भाड्याचं घर मिळवून देणारी एक छोटी संस्था. तिथली भाडे-मदतीची योजना मी आखली, अगदी पहिल्या ओळीपासून. गोष्ट सोपी आहे. माणूस गाडीत झोपतोय. सरकारकडून त्याला जे मिळतं त्यात इथलं भाडं बसत नाही. मधली तफावत आम्ही थेट घरमालकाला देतो, मोडतोड झाली तर भरून देतो, आणि आमच्यातलं कुणीतरी दर आठवड्याला जाऊन विचारपूस करतं. ऐकायला छान आहे ना? मलाही छान वाटायचं. फक्त घरमालक मिळेनात. लोक माहितीपत्रक वाचायचे, ‘स्वीट ॲज’, म्हणजे एकदम झकास, म्हणायचे आणि पुन्हा फोन उचलायचे नाहीत.

तेव्हा माझ्या पुणेरी डोक्यात आलं – अहो, आपल्याकडे घर कधी जाहिरात वाचून दिलंय का कुणी? घर ओळखीवर दिलं जातं. ‘अमकीच्या माहितीतला माणूस आहे’ एवढं पुरतं. आणि इथल्या मराठी मंडळींकडे घरं काय कमी आहेत? आयटीत, इंजिनिअरिंगमध्ये आयुष्य काढलेली माणसं, एक राहतं घर आणि एक भाड्याचं. मी आमच्या मॅनेजरला, मेरेला, म्हटलं, पोस्टरं राहू देत, मला हळदीकुंकवाला जाऊ दे. हळदीकुंकू म्हणजे काय ते तिला समजावता समजावता माझा चहा गार झाला. मग ती हसली आणि म्हणाली, जा.

संक्रांतीचं हळदीकुंकू स्मिताताईंकडे होतं. त्या लांब, नॉर्थ शोअरला राहतात. इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते, तिळगूळ हाताला चिकटत होता, काळ्या साड्यांत सगळ्या घामाघूम. मी उभी राहून बोलले. बरं बोलले, खोटं कशाला सांगू. गाडीत झोपणाऱ्या माणसांबद्दल सांगितलं तेव्हा दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आपल्या बायका – डोळे पुसले की पहिला प्रश्न योजनेवर नाही, माणसावर. स्मिताताई म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे गं. पण तुझ्या मागची खोली रिकामीच आहे ना? तू दिलीस का कुणाला?”

आमच्या घरामागे परसात एक सुटी खोली आहे, इथे तिला स्लीपआउट म्हणतात. छोटा ओटा, बाथरूम, वेगळं दार. आई पुण्याहून सहा-सहा महिने यायची तेव्हा तिच्यासाठी केलेली. आईला आता विमानप्रवास झेपत नाही. ती यायची नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. खोली तशीच होती.

काय अवघड होतं ‘नाही, अजून दिली नाही’ म्हणायला? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान – आणि मी म्हटलं, “दिली की! कॉलिन म्हणून आहेत एक. राहतात ते.”

नाव का घेतलं? कारण नाव जिभेवर होतं. कॉलिन खरा होता. साठी ओलांडलेला, पांढरी दाढी, डावा पाय ओढत चालायचा. जन्मभर छपरं घातली त्याने. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं राहत होतं तेव्हा तिथेही घातली, आणि तिथेच एका छपरावरून पडला. मग काम गेलं, बायको गेली, घर गेलं. आमच्या ऑफिसजवळच्या पार्काशी तो व्हॅनमध्ये राहायचा. दर सोमवारी यायचा, ‘किया ओरा’ म्हणत नमस्कार करायचा, फोन चार्जिंगला लावायचा, चहा घ्यायचा आणि अगदी हळू आवाजात विचारायचा, काही आहे का? त्या सकाळीही विचारून गेला होता.

मग काय, खोटं एकदा बोललं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. बायका विचारायच्या, मी सांगायचे. कॉलिन पाय ओढत चालतो पण वेलीला पाणी घालतो. कॉलिनने आमचं मोडकं कुंपण दुरुस्त केलं. कॉलिनला माझा चहा आवडतो, आलं मात्र कमी लागतं. ऑफिसात भाडेकरूंची नावं काढू नका, नियम आहे तसा – हेही मीच बजावून ठेवलं. केवढी हुशारी!

आणि एक सांगू? मला ते सांगायला आवडायला लागलं. नवरा ख्राइस्टचर्चला बांधकामाच्या प्रोजेक्टवर, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार घरी. मुलगी वेलिंग्टनला. मी मराठीत लांबलचक मेसेज पाठवते, तिचं इंग्रजीत दोन शब्दांचं उत्तर येतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहायचे, समोर ती बंद खोली, आणि मनात त्या कॉलिनशी बोलायचे. भाजी करताना वाटायचं, थोडी जास्त करावी. वेड लागलं होतं का मला? लागलं असतं तर बरं झालं असतं. मी पुरती शुद्धीवर होते. घरी कुणाला बोलवायचं मात्र मी बंद केलं, कारण आलेलं माणूस परसात डोकावणारच. इथे बोलावल्याशिवाय कुणी येत नाही. मी अगदी एकटी पडले, आणि ती सोय माझी मीच केली होती.

घरं मिळायला लागली. माझ्यावर विश्वास ठेवून बायकांनी नवऱ्यांना तयार केलं. ‘ती स्वतः देतेय, मग आपल्याला काय झालं?’ गाडीतली माणसं घरात गेली, पोरं शाळेत जायला लागली. ते खरं आहे. पण ते मी इथे माझ्या बाजूने मांडणार नाही.

कारण पुढे काय झालं ते बघा. स्मिताताईंचं मागचं युनिट रिकामं झालं. त्यांना एकटा, वयस्कर, शांत माणूस हवा होता. मेरे म्हणाली, कॉलिनच की! कॉलिनला तिथे कसा पाठवणार? स्मिताताईंच्या लेखी कॉलिन माझ्या परसात कुंपण दुरुस्त करत होता. नाव, पाय, दाढी, छपरं – सगळं मी त्यांना सांगून बसले होते. मी मेरेला म्हटलं, त्याच्यापेक्षा गरजू माणसं आहेत, दम्याचे एक आजोबा आहेत. ते खरंही होतं. आजोबा गेले तिकडे.

पुन्हा एक घर आलं. पुन्हा मी दुसरं कुणीतरी काढलं. योजनेतले जवळजवळ सगळे घरमालक माझे, म्हणजे आपलेच, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यांच्यातल्या एकाही दारात कॉलिन जाऊ शकत नव्हता. ज्या माणसाचं नाव घेऊन मी सगळ्यांना घरं दिली, त्या एकाला त्या नावामुळेच घर मिळणार नव्हतं. कळतंय ना, मी काय केलं ते? मला कळत होतं. दर सोमवारी कळत होतं.

हिवाळा आला. इथला हिवाळा ओला असतो, व्हॅनमध्ये कपडेसुद्धा वाळत नाहीत. कॉलिन खोकायला लागला. एका सोमवारी त्याने कप खाली ठेवला आणि मला विचारलं, “माझं काही चुकतंय का? चुकत असेल तर सांग, मी सुधारेन.”

मी म्हटलं, नाही हो, हीप्स ऑफ डिमांड आहे सध्या, खूप जण रांगेत आहेत, थोडं थांबा. तो म्हणाला, बरं.

तुम्ही म्हणाल, अगं बाई, मग ती खोली त्याला देऊन टाकायचीस! खोटं खरं झालं असतं, सगळेच सुटले असते. मी हा विचार केला नाही असं वाटतं का तुम्हांला? रोज केला. आईची खोली आहे, असं स्वतःला सांगितलं. पण आई स्वतः फोनवर म्हणायची, “दे की गं कुणाला तरी. बंद खोलीला कुबट वास लागतो.” म्हणजे आई हे कारण नव्हतं. नवऱ्यालाही चाललं असतं. मलाच नको होता तो. आईच्या ओट्यावर तो सॉसेज तळणार, दाराशी त्याच्या झिजलेल्या जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, पडणार, त्याचा खोकला माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येणार. मनातला कॉलिन मला चालत होता, त्याला वास नव्हता. खरा नको होता. योजना माझी, पण माणूस दुसरीच्या परसात. किळस म्हणतात याला, दुसरा शब्द नाही.

वसंताच्या सुरुवातीला संस्थेने पार्कातल्या हॉलमध्ये एक दुपार ठेवली. घरमालक, भाडेकरू, अजून वाट बघणारी माणसं, सगळ्यांसाठी बार्बेक्यू. मी घरमालकांना आग्रह केला नव्हता, पण स्मिताताई आल्या, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. आणि रांगेत त्यांच्या पुढेच कॉलिन उभा. मेरेने लांबून शेगडीजवळून हाक मारली, “कॉलिन, कांदा हवा का?”

मी पाहत होते. पळत जाऊन मध्ये पडता आलं असतं. गेले नाही.

स्मिताताईंनी त्याच्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्हीच का ते, हिच्या मागच्या खोलीत राहता ते? तुमच्याबद्दल किती ऐकलंय! कुंपण तुम्हीच दुरुस्त केलंत ना? तुमच्यामुळे तर आम्ही आमचं घर दिलं.

कॉलिनने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला सगळं कळलं असणार, तो काही खुळा नव्हता.

“हो,” तो म्हणाला, “मीच तो. कुंपण फारच मोडलं होतं.”

स्मिताताईंनी त्याच्या प्लेटमध्ये दोन वड्या ठेवल्या आणि पुढे गेल्या. तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता बोलेल, बोलायलाच हवं होतं त्याने. त्याने फक्त विचारलं, “खिडकीतून काय दिसतं, त्या खोलीच्या?”

मी सांगितलं, लिंबाचं झाड. सकाळी ऊन येतं.

“छान आहे,” तो म्हणाला. आणि पाय ओढत व्हॅनकडे गेला.

खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. त्याच्या मागे चालत जायला कितीसा वेळ लागला असता? मी कागदी प्लेटा गोळा करत बसले. घरी गेले, खोली उघडली, लादी पुसली, खिडकी उघडून थोडा वेळ आईच्या पलंगावर बसले आणि पुन्हा कुलूप लावलं. सोमवारी तो नेहमीसारखा आला, चहा घेतला आणि गेला. मी त्याचा कप धुवून ठेवला. त्यानंतरही बरेच सोमवार गेले, त्यातल्या कुठल्याही सोमवारी मला ती किल्ली देता आली असती.

मग तो यायचा बंद झाला. व्हॅनही दिसेना. कुणी म्हणालं दक्षिणेकडे गेला, कुणी म्हणालं हॉस्पिटलमध्ये आहे. मेरेने चार ठिकाणी फोन केले. मी एकही केला नाही.

परवा स्मिताताईंचा फोन आला होता. यंदाच्या हळदीकुंकवाला ये म्हणत होत्या. ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, कॉलिन कसा आहे गं?

मी म्हटलं, बरा आहे.