दार लावून खाल्लेले आंबे

आज सकाळी दशहरी आंबा कापला आणि त्या वासासरशी तुमचा बाबा सहा वर्षांचा होऊन समोर उभा राहिला. त्याला रोज पहाटे शिंकांवर शिंका यायच्या, छातीतून शिट्टी वाजायची. हे पहिल्यांदा झालं आंब्याच्या दिवसांत, म्हणून मी आंब्यालाच दोषी ठरवलं आणि त्याचा आंबा बंद केला, तोही दशहरीच्या लखनौत राहून. तुमचे आजोबा आणि मी मात्र स्वयंपाकघराचं दार लावून खायचो, आणि बाहेर आले की तो माझी धुतलेली बोटं हुंगायचा. असे दोन उन्हाळे गेले तरी शिंका थांबेनात, तेव्हा त्याला मोठ्या इस्पितळातल्या अ‍ॅलर्जी विभागात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून बारीक टोचलं. आंब्याच्या जागी काहीच उठलं नाही. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या जागी मात्र टपोरी गांध आली. "माताजी, ये रात को ओढ़ता क्या है?" त्यांनी विचारलं. माझ्या आईने शिवलेली गोधडी. टाके उसवतील म्हणून मी ती कधी धुतली नव्हती, आणि रोज रात्री मीच ती त्याच्या गळ्यापर्यंत ओढत होते. "तो मैं आम खा सकता था?" त्याने माझ्याकडे बघून विचारलं. येताना निशातगंजच्या बाजारातून दशहरी घेतले, घरी फोडी करून ताटली त्याच्यापुढे ठेवली. तो उठला, स्वयंपाकघराचं दार नीट लावून आला, आणि मगच त्याने पहिली फोड उचलली. तेव्हापासून आंबा कापताना मी ते दार सताड उघडं ठेवते. आज घरात मी एकटीच होते, तरी ठेवलं.