यादीतला जावेदचा फोन

मी देव मानतो, भूत नाही. खांबावर चढून केबल ओढणारा भुताला भ्यायला लागला तर धंदाच बंद! तरी हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

गेवराईत माझं वाय-फायचं काम आहे. कुठला फोन कुणाचा, ते मी राउटरच्या यादीत नाव टाकून ठेवतो, म्हणजे फुकटे शेजारी लगेच सापडतात. रेहानाचाचीकडे दोनच नावं — ती आणि तिचा मुलगा जावेद. फळांचा टेम्पो चालवायचा. मागच्या पावसाळ्यात पुलावरून टेम्पो वाहून गेला. टेम्पो सापडला, जावेद नाही. नातेवाईक म्हणतात, तो गेला, आता सबर करा. चाची म्हणते, "मय्यत दाखवा, मग रडते." मी गेलो की एकच प्रश्न — "त्याचा फोन आला का रे यादीत?"

त्या दुपारी नेट अडकतंय म्हणून गेलो. यादी उघडली... जावेद — चालू.

गफलत असेल म्हटलं. पण प्रत्येक फोनचा स्वतःचा एक नंबर असतो, सिमचा नव्हे, यंत्राचाच, आणि तो पहिल्या राउटरच्या पलीकडे जात नाही. पुढचा प्रत्येक राउटर डेटा ढकलताना आपलाच नंबर लावतो... पार्सल तेच, एसटी बदलते, तसं. म्हणजे हा नंबर इथं दिसतोय तर फोन याच घरात, फार तर दारात! माझ्या वहीत टिपलेल्या नंबराशी ताडून पाहिला. तोच. पिंग करून फोनला हाक मारली. लगेच उत्तर... पुन्हा उत्तर.

चाची आणि मी गच्ची बघितली, कपाटं उपसली, गल्ली पालथी घातली. कुणीच नाही.

मग आठवलं. जावेद गेल्यानंतर, फुकट्यांना वैतागून, मी पासवर्ड बदलला होता. जुना फोन आपोआप जोडला जाणं शक्यच नव्हतं.

"चाची, नवा पासवर्ड कुणाला सांगितला?"

"कुणालाच न्हाई बेटा. फकस्त जावेदला. तू बदलला त्या दिशीपासून रोज दुआ मागताना सांगते. घरी आला तर त्याचा फोन लागाया नको?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. उत्तरं थांबली होती.

"आलता ना रे?" चाचीनं विचारलं. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली... आधी आलेली उत्तरं, मग काहीच नाही. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

आज इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण याचा उलगडा मला झालेला नाही. कुणाला झाला तर सांगा. तो पासवर्ड मात्र मी पुन्हा बदलला नाही. आता तो फुटलाय, अर्धी गल्ली फुकट वापरते... वापरू दे.