जिन्यातल्या दिव्याची अक्कल

नोकरी संपल्यावर माणसं बाग करतात, फिरायला जातात, निदान घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आमच्या शास्त्रज्ञांनी तारा जोडायला घेतल्या. शास्त्रज्ञ ही पदवी बायकोने दिलेली. एरवी गृहस्थांचा उभा जन्म विम्याच्या कचेरीत एका टेबलामागे गेला होता. आता जेवणाच्या टेबलावरही त्यांचंच राज्य होतं आणि बायको ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

कारण मात्र खरं होतं. वरच्या खोलीतली त्यांची आई एका संध्याकाळी जिन्यात घसरली. देवाच्या कृपेने हाड मोडलं नाही, पण धीर सुटला. दिव्याचं बटण जिन्याच्या तळाशी आणि आई वर. तिने खाली येणंच सोडलं. खालच्या दाराजवळची तिची खुर्ची रिकामी दिसली की शास्त्रज्ञ ताट अर्ध्यावर सोडून उठत.

"वायरमनला बोलवा, वर एक बटण लावून देईल," बायको म्हणाली.

"बटण?" तिने चकमक घासायला सांगितल्यासारखा त्यांनी चेहरा केला. "अगं, अंधार पडला की दिव्याला आपोआप कळेल!"

प्रकाश मोजणारा नखाएवढा सेन्सर टपालाने आला. हा नुसता अंदाज सांगत नाही, थेट आकड्यात बोलतो, हे त्यांनी बायकोला, दूधवाल्याला आणि वाटी परत द्यायला आलेल्या शेजारणीलाही समजावलं. शेजारीण पुन्हा वाटी मागायला आली नाही. मग त्यांनी प्रोग्राम लिहिला आणि सेन्सर बसवला. कुठे? बरोबर दिव्याखाली.

अंधार पडला, दिवा लागला. त्याचा उजेड सेन्सरवर पडला. सेन्सरला वाटलं, उजाडलं! दिवा विझला. विझला म्हणून अंधार, अंधार म्हणून पुन्हा दिवा. जिना वेड लागल्यासारखा डोळे मिचकावू लागला.

"कळतंय हो त्याला," बायको म्हणाली, "पण जरा जास्तच कळतंय."

सेन्सरची बदली वर, आईच्या दाराशेजारच्या खिडकीत झाली, तोंड बाहेर करून. शास्त्रज्ञ संध्याकाळी स्वतः जिना चढले-उतरले, पायरीची कड दिसेनाशी झाली तेव्हाचा आकडा त्यांनी यंत्राला पढवला. दिवा बरोबर वेळेवर लागू लागला. आता कोणी हार घालायला येतंय का, अशा थाटात ते जिन्याखाली उभे राहिले. हार राहू दे, आईसुद्धा आली नाही.

आणि मग एका दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना दिवा लागला. कठडा धरून आई उतरत होती! शास्त्रज्ञांनी काय पाहिलं? लॅपटॉप. आकडा शून्य. "तार तुटली!" म्हणत ते धावले आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच ओलांडून वर गेले. सेन्सरवर लोकरीचा पायमोजा चढवलेला होता.

"आई, हे काय?"

"माझा पायमोजा. तो डोळा झाकला की दिवा लागतो. परवा खिडकी पुसताना कळलं."

"अगं, पण चार वाजलेत! अंधार कुठाय?"

"तुला नसेल. मला या वेळेलाच पायऱ्या दिसेनाशा होतात. उतरायचं मी आणि मोजलंस तुझ्या डोळ्यांनी!"

"लागलं बाई वर बटण," बायको खालून म्हणाली. "लोकरीचं का होईना."

शास्त्रज्ञांनी स्वतःची चूक कबूल केली. हे घरात प्रथमच घडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आईला वरच्या पायरीजवळ स्टुलावर बसवलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"पायरी दिसेनाशी झाली की सांग हं."

"दिसतेय... अजून दिसतेय... आता नाही."

आकडा भलताच मोठा होता. एवढ्या उजेडात ते स्वतः चष्म्याशिवाय पेपर वाचत. त्यांनी तो यंत्रात भरला. दिवा लागला. आई उठली, तिने कठडा धरला.

"आता वाटेतून ऊठ," ती म्हणाली. "मला खाली जाऊ दे."