खाटेपाशी थांबणारी बाई

गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं बापाची छाती खाल्ली. माय बिड्या वळायची, त्यावर माझं कॉलेज आणि घराचं पोट चालायचं. बापाला मिशनच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो.

वॉर्डात एक आया होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रोग्याला हात लावण्याआधी ती पदरावर तळहात घासून गरम करायची आणि क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. नर्स ओरडायची, "काय वं, उभ्या उभ्या झोपली का?"

"येशूले विचारून राहिली, बाई," ती हसून म्हणायची.

आम्ही बौद्ध. देव सोडल्याचा मला अभिमान होता. पण पेपरच्या सकाळी बापाला घरघर लागली. माय घरी तापानं पडलेली. मी त्या आयेलाच विचारलं, "मावशी, पेपरले जाऊ का इथंच थांबू?"

तिनं बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाली, "तू जाय गा. मी हाये."

परतलो तेव्हा बाप गेला होता. ड्युटी संपूनही ती त्याचा हात धरून बसली होती. मी ओरडलो, "तुह्या येशूनं मले फसवलं!"

"हा वाचते म्हणून त्यानं कुठं सांगतलं होतं? याले एकटं सोडू नको, एवढंच सांगतलं."

तिचा चेहरा शांत होता. ती शांती मला तेव्हा मिळाली नाही, अजूनही नाही.

मी पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी.