बांधावरची बादली

माणूस कितीही मोठा असो, आबांच्या उसात शिरायचं तर बांधावरच्या बादलीतल्या पाण्याने त्याला पाय धुवावेच लागत. लग्नानंतर धुळ्याहून शिरपूरकडच्या त्या शेतात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा सासरे स्वतः बादली पुढे सरकवतायत बघून मला वाटलं, केवढा हा सुनेचा मान! तर आबा म्हणाले, "पहिले पाय धोई ले, मंग उसमा जाय." माझा सगळा तोरा उतरला.

ही शिस्त सूत्रकृमींसाठी. मातीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव. ते मुळांवर गाठी आणतात आणि ऊस पिवळा पडून खुरटतो. "चिखलसंगे येतस त्या," आबा बजावत. एकदा सरपंचांच्या बुटांचे तळ त्यांनी काडीने खरवडले होते.

शेजारचं शेत धाकट्या भावाचं, नानांचं. त्यांच्या उसाला गाठी लागल्या होत्या. एका सकाळी नाना नेहमीसारखे चहाला बांध ओलांडू लागले, आणि आबांनी बादली पुढे केली. नाना जागीच थांबले. "हाई मना बापनं वावर शे. मी काय पाय धोईसन येऊ?" आबा हलले नाहीत. नाना फिरले, ते दिवाळीलाही आले नाहीत. त्यांचं नाव निघालं की आबा ताटावरून उठत. मला संताप यायचा. चिखलापायी सख्खा भाऊ तोडायचा?

पुढच्या वर्षी आबांचाही ऊस पिवळा पडला. आबा कुदळ घेऊन मुळं उकरत सुटले. बांधाकडची मुळं स्वच्छ निघाली. गाठी होत्या मधल्या पट्ट्यात, जिथे दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेली रोपं लावली होती. त्यातली उरलेली रोपं त्यांनीच हौसेने नानांना दिली होती.

"त्याले मीच दिधं," एवढंच ते बोलले.

मग बांधावर बादलीपाशी गेले. पलीकडे नाना उसाला पाणी भरत होते. आबांनी त्यांना रोपांचं सांगितलं आणि वाकून स्वतःचे पाय धुवायला घेतले. नानांनी फावडं बाजूला ठेवलं.

"आते कसाले धोस, भाऊ? ये."

आबांना जाऊन वर्ष झालं. बादली बांधावरच आहे. मी नको म्हटलं तरी नाना तिथे पाय धुऊनच आमच्याकडे चहाला येतात.